अंथरुणाएवढी गाडी

"साहेब, इंजिनाला दोन वर्षं हात लावावा लागणार नाही," गाड्यांचा दलाल तिच्या दिराकडे बघून म्हणाला.

इंजिन शेवटचं कधी उघडलं होतं, हे तिने विचारलं होतं. दीर नुसता शेजारी उभा होता. गाडीतलं त्याला एवढंच कळत होतं की पांढरा रंग लवकर मळतो. तरी फाटकातून आत आल्यापासून दलाल बोलत होता तो त्याच्याशीच.

"भाऊजी, तुम्ही जरा तिकडे खुर्चीवर बसता का?"

"मी कशाला? मी आहे ना सोबत."

"म्हणूनच म्हणतेय."

दीर हसला. ती हसली नाही. तिने बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा तापलेला होता.

"आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवली होती?"

"वहिनींना सांगा साहेब, ऊन किती आहे. पत्रा तापणारच."

"गाडी शेडमध्ये आहे," ती म्हणाली. "थंड असताना ही किती खोकते ते मला दिसू नये, म्हणून तापवलीत. आणि काय सांगायचंय ते मला सांगा. गाडी मी चालवणार आहे, पैसे मी देणार आहे. हे आले आहेत ते फक्त यांना आज सुट्टी आहे म्हणून."

दलालाने आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. तेही, ही बाई घरी कशी असेल, अशा नजरेने.

ती पाण्याचे जार पोहोचवायची. दुकानं, ऑफिसं, दोन शाळा. भरलेला जार खांद्यावर घेऊन जिने चढायची. त्यासाठी तिच्याकडे एक आखूड व्हॅन होती आणि ती जारांना पुरत होती. नवऱ्याला पुरत नव्हती. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, अंगाने ताडमाड. चार वर्षांपूर्वी कंपनीने त्याला एकट्यालाच कामावर पाठवलं आणि तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला. चूक त्याचीच, असं कंपनीने ठरवून टाकलं. तेव्हापासून कमरेखाली काही हलत नव्हतं. बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, त्यामुळे नेआण करायची ती आडवंच ठेवून. अँब्युलन्स मिळायची, पण फक्त दवाखान्यापुरती. मागच्या खेपेला अँब्युलन्सवाले त्याला दवाखान्याच्या बोळकांडीत ठेवून चहाला गेले. जाता जाता एकजण फोनवर म्हणाला, "एक आडवा पोचवलाय, दुसरा घ्यायला निघतो." नवऱ्याने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्याच आठवड्यात तिने आखूड व्हॅन विकायला काढली. आलेल्या पैशांतच लांब गाडी बसवायची होती. सकाळी जार, दुपारी तो.

दलालाने दुसरी गाडी दाखवली. हिचं इंजिन थंड होतं आणि ते सुरूही नीट झालं. पण तिने बाजूचा पत्रा बोटांनी ठोकत नेला, तर चाकाच्या वरचा आवाज बसका निघाला. आत गंज आणि वर पुट्टीचा लेप. वर आखूडही होती.

"हीच घेऊन टाकू," दीर म्हणाला. "रंग बघा कसला चमकतोय. आणि वहिनी, अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने."

"अंथरूणच बघायला आलेय भाऊजी. पाय तुमच्या दादाचे आहेत. ते कापून आखूड करता येत नाहीत."

बाहेर रस्त्यावर आल्यावर दिराने मनातलं काढलं. बहुधा घरून ठरवूनच आला होता. "वहिनी, राग मानू नका. एक संस्था आहे. चोवीस तास माणसं असतात. गाडीत पैसा घालण्यापेक्षा तिथे... दादाला तरी काय, इथे छत, तिथे छत."

ती जागीच थांबली. मागून येणारा सायकलवाला कसाबसा वाचला.

"चार वर्षांत तुम्ही त्यांना किती वेळा कुशीवर वळवलंत?"

दीर चपलेने रस्त्यावरचा खडा सरकवू लागला.

"छत वेगवेगळं असतं का ते त्यांना विचारा. विचाराल? माणूस जिवंत आहे का, एवढंच दारातून बघायला येता तुम्ही, आणि चहा पिऊन जाता. आता संस्था म्हणे. पुन्हा हा शब्द माझ्या घरात काढलात, तर दिवाळं निघालं तरी चालेल, पण तुमच्या दारात पाय ठेवणार नाही मी."

तरी दीर परत गेला नाही. चार पावलं मागे राहून चालत राहिला.

तिसरी गाडी एका धुलाईवाल्याची होती. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. गल्लीत लांबलचक व्हॅन उभी. रंग उडालेला, एका आरशाला दोरी बांधलेली. दार उघडताच साबणाचा वास आला. धुलाईवाला म्हातारा होता. विचारायच्या आधीच सांगू लागला, "दुसरा गिअर कुरकुरतो. हँडब्रेक उतारावर धरत नाही, दगड लावावा लागतो. बाकी इंजिन चांगलं आहे. हात लावून बघा, कालपासून उभी आहे."

तिचं डोकं अजून तापलेलंच होतं. "एवढे दोष स्वतःच सांगताय, म्हणजे मोठा कुठला तरी लपवताय."

"लपवायला काय आहे," म्हातारा म्हणाला. "कपडे आमची ही धुवायची, मी पोचवायचो. ही गेली. आता पोचवू काय?"

माफी मागायची राहिली ती राहिलीच. तिने किल्ली घेतली. इंजिन एकदा कण्हलं आणि सुरू झालं. धूर पांढरा नव्हता, काळा नव्हता. गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणली. गिअर खरंच कुरकुरला. मग ती मागच्या दारातून आत चढली, चपला काढल्या आणि तळाच्या पत्र्यावर उताणी झोपली. नवरा तिच्याहून हातभर उंच होता, म्हणून डोक्यावर हात लांब केले.

"वहिनी, उठा. लोक बघतायत," दीर दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत. बोटं कुठे टेकतात का सांगा."

दीर वाकला. "नाही टेकत. अजून वीतभर आहे."

"मग हीच."

गाडी दारात आल्यावर नवऱ्यानेच मोडता घातला. खाटेवरून म्हणाला, "मला न विचारता चांगली चालती व्हॅन विकलीस. मी कुठेही येणार नाही. सामान आहे का मी, मागे भरून न्यायला?"

"जार भरते ते बोलत नाहीत. तुम्ही निदान शिव्या तरी द्याल."

"नको म्हणालो ना."

"चार वर्षं तुमचं नको ऐकलं. भाऊजी, पायाकडून उचला."

दिराने उचलला. त्याला वजनाचा अंदाज नव्हता. फळीवरून चाकाची खाट आत ढकलताना त्याचा चेहरा घामाने निथळला. ती नेहमीच्या सवयीने उचलत होती. नवरा डोळे घट्ट मिटून होता. पट्टे आवळून झाल्यावर दीर खालीच उभा राहिला, हात पुसत. "उद्या... दुपारी येऊ का उचलायला?" त्याने विचारलं.

"या," ती तुटकपणे म्हणाली.

पहिल्याच वळणावर दुसरा गिअर कुरकुरला.

"क्लच पूर्ण दाब," मागून आवाज आला.

"दाबलाय."

"दाबला असता तर ओरडला नसता. पाच वर्षं चालवतेयस, अजून झटका देतेस. आणि पुढच्या त्या ट्रकला एवढी का चिकटतेस?"

"तुम्हाला आडवं पडून ट्रक दिसतो?"

"आवाज येतो ना त्याचा. सोड थोडं अंतर. ब्रेकवर पाय ठेवून चालवू नकोस. कसली खटारा गाडी उचलून आणलीयस, मला दाखवायची होतीस आधी."

"कशी दाखवणार होते? आणून?"

"फोनवर आवाज ऐकवायचास इंजिनाचा."

हे तिला सुचलं नव्हतं. तिला राग आला. सुचलं नव्हतं याचा, आणि त्याचं बरोबर होतं याचाही. ती ओठ आवळून चालवत राहिली. मागून बोलणं सुरूच होतं: टायर, हॉर्न, सिग्नलला गाडी न्यूट्रल का नाही केलीस. अँब्युलन्समध्ये तो कधी अक्षर बोलला नव्हता.

मग घराकडे परतायचं वळण आलं. तिने इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि मागून 'घरी चल' असं येतंय का याची वाट पाहिली. तो बोलला नाही.

तिने इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ जाऊ दिली.