मी काढलेला एक फोटो

मित्रांनो, मी आता जुना झालेला डिजिटल कॅमेरा आहे. ऑकलंडमधल्या एका घरात, टेबलाच्या खणात पडून असतो. माझी गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो.

जपानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. २००५ साली, पुण्याहून ऑकलंडच्या माउंट रॉस्किल उपनगरात येऊन राहिलेल्या शशिकांत यांनी मला विकत घेतलं. समुद्रकिनारे, मेंढ्या, वाढदिवसाचे केक, सगळं मी टिपलं. "फोटो काय सुरेख येतात याचे," असं लोक म्हणत. मला त्या कौतुकाची सवय लागली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी वल्लरी हिने कॉलेजात एक गट सुरू करायचं ठरवलं. भाड्याच्या ओलसर घरांत राहणाऱ्यांना विद्यार्थ्यांनी पांघरुणं नेऊन द्यायची, अशी तिची कल्पना. कॉलेजच्या मान्यतेसाठी वीस सभासद हवे होते आणि तिच्याकडे होते चार. "काम दिसलं तरच लोक येतील," असं म्हणून ती मला घेऊन निघाली.

पहिल्या घराचा पत्ता देवळात मिळाला होता. तिथल्या सुलेखाताईंच्या यजमानांची जवळच्या पेनरोज भागातल्या कारखान्यातली नोकरी गेली होती. भिंतींवर बुरशी धरली होती. ब्लँकेट हातात घेताना त्या ओशाळून हसल्या.

"काकू, इकडे बघा ना," वल्लरी म्हणाली.

त्यांनी मान वळवली. ते 'नको' मला स्वच्छ दिसलं. तरी कळ दाबली गेली आणि मी फोटो काढला. फोटो उत्तम आला.

सोमवारी तो मोठा करून कॉलेजच्या आवारात, गटाच्या टेबलामागे लावला. मुलं थांबत, "सो सॅड" म्हणत आणि सही करत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वीस नावं झाली. वल्लरीच्या मनगटाला लटकत मी फुशारून गेलो होतो.

तेवढ्यात तिच्या वर्गातली नीलिमा फोटोसमोर थबकली.

"ये, तूही सही कर ना," वल्लरी म्हणाली.

"ही माझी आई आहे."

"बाबांच्या नोकरीचं मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं." नीलिमाचा आवाज चढला नाही. तिने फोटो उतरवला, गुंडाळला आणि ती निघून गेली. आजूबाजूच्या मुलांनी नजर खाली वळवली. मला तेही जमत नव्हतं.

संध्याकाळी वल्लरी त्यांच्या दारी गेली. सुलेखाताईंनी घडी घातलेलं ब्लँकेट तिच्या हातात ठेवलं. "उबदार होतं गं. पण आता अंगावर घेववत नाही."

"काकू, माझं चुकलं."

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या. मग दारातून बाजूला झाल्या. "आत ये. चहा घेऊन जा."

वल्लरीने चहा संपवला आणि कप विसळून ठेवला. घरी येऊन तिने माझ्यातला तो फोटो पुसून टाकला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सह्या करणाऱ्यांना घडलेलं सगळं सांगितलं. बरेच जण गळाले. गटाला मान्यता मिळायला आणखी एक वर्ष गेलं. आता पांघरुणं कॉलेजातल्या एका खोलीत फळीवर ठेवलेली असत. ज्याला हवं त्याने न्यावं. नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. फळी रिकामी होई, पुन्हा भरे. नीलिमा मात्र वल्लरीशी पुन्हा कधी बोलली नाही. मला खणात ठेवलं गेलं, त्याची माझी तक्रार नाही.

मित्रांनो, कोणाला काही द्याल तेव्हा एका हातात वस्तू आणि दुसऱ्या हातात कॅमेरा, असं देऊ नका. दोन्ही हातांनी द्या.