शेवटचा कान

कृष्णकांत देवस्थळींच्या हातून खराब माल बाहेर जाणं शक्यच नाही, असं ठाम मत असलेला चेन्नईतला पहिला माणूस म्हणजे स्वतः कृष्णकांत देवस्थळी. मूळचे साताऱ्याचे, पण उभी नोकरी चेन्नईजवळच्या आवडी इथल्या सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात गेली. पास झालेल्या मालाकडेही ते नापास केल्यासारखंच बघत. अशी माणसं निवृत्त झाली की घरच्यांच्या आमटीतलं मीठ तपासत बसतात. यांचं नशीब थोर, मुलीनेच धंदा काढला.

ऋजुताने आयटीतली नोकरी सोडली, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याच्या मागची खोली भाड्याने घेतली आणि ती गिटारवाल्यांसाठी पेडल बनवू लागली. पेडल म्हणजे गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जमिनीवर ठेवायची लोखंडी डबी. पायाने दाबली की साधा सरळ सूर फाटतो, भरडतो, घुमतो. चांगला सूर मुद्दाम कशाला फाडायचा, हे कृष्णकांतांना कधीच कळलं नाही. पण फाडायचाच तर नीट फाडला गेला पाहिजे, एवढं मात्र त्यांना लगेच पटलं.

सुटे भाग आणणं आणि तपासणं त्यांच्याकडे आलं. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ते स्वतःचा मीटर पिशवीत घालून जात. पिशवी दिसली की दुकानदार आधी चहा मागवत, कारण आता वेळ लागणार हे ठरलेलं. ट्रान्झिस्टर ते चिमट्याने धरत. बोटाच्या उबेनेही आकडा हलतो, म्हणत. पेडल पुरं झालं की अखेरची परीक्षा. पंखा बंद, दार बंद, आवाज पूर्ण मोठा, आणि गिटारच्या तारेला हातसुद्धा लावायचा नाही. काही न वाजवता पेडल गप्प बसतं का, ते ऐकायचं. ‘मीटर खोटं बोलत नाही, पण मीटर सगळं बोलतही नाही,’ असं ते सांगत. या परीक्षेला त्यांनी नाव दिलं होतं, शेवटचा कान. त्यात उतरलेल्या पेडलच्या पोटात ते हिरव्या रंगाचा ठिपका देत आणि त्या दिवशी रात्री दोन घास जास्त जेवत.

ऋजुता मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला गेली आणि नेमकी तेव्हाच एक आयसी बाजारातून गायब झाली. नऊ व्होल्टचे अठरा करून देणारी छोटीशी चिप. दुकानदाराने तिचीच जुनी बहीण पुढे केली. काम तेच म्हणाला. कृष्णकांतांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ते कोणाच्याच शब्दावर ठेवत नसत. मीटर लावला, व्होल्टेज चोख. तासभर चालू ठेवली, तापली नाही. पेडलमध्ये बसवली, पंखा बंद केला, कान दिला. स्मशानशांतता. सगळ्या पेडलना हिरवे ठिपके पडले आणि माल कुरिअरने रवाना झाला.

आठवड्याभरात तक्रारी येऊ लागल्या. बारीक शिट्टी वाजते म्हणे. कृष्णकांतांनी प्रत्येकाला उत्तर दिलं, तुमचा पॉवर सप्लाय बदलून बघा. तीस वर्षांनीही साताऱ्याच्या मातीतून बाहेर न आलेल्या आपल्या तमिळमध्ये त्यांनी दोघांना फोनवर झापलंसुद्धा. नाचता येईना अंगण वाकडं, असं वर पुण्याहून परतलेल्या ऋजुताला ऐकवलं. तिने नुसतं ‘बघू’ म्हटलं. एरवी ती वाद घालायची.

मग सुंदर नावाचा गिटारवाला पेडल घेऊन वेलाचेरीहून स्वतःच आला.

“केळुंगा अंकल, एकदा ऐका तरी,” तो हात जोडून म्हणाला.

“ऐकूनच पाठवलंय.”

तरी त्यांनी पेडल जोडलं. आपला सप्लाय, आपला स्पीकर. पंखा बंद केला, लेथवाल्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं. बटण दाबलं आणि विजयी मुद्रेने सुंदरकडे पाहिलं.

सुंदरने डोळे बारीक केले होते. दाताखाली खडा यावा तसा त्याचा चेहरा झाला होता. ढोंगी, असं मनात येतंय तोच त्यांची नजर ऋजुताकडे गेली. तिचाही चेहरा तसाच झाला होता. बाप बघतोय हे लक्षात येताच तिने तो घाईघाईने सरळ केला.

ते खाली वाकले आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला. काही नाही. दुसरा कान लावला. काहीच नाही.

ऋजुताने सुंदरकडून पेडल ठेवून घेतलं, दुसरं देते म्हणाली, त्याला दारापर्यंत सोडून आली. येईपर्यंत कृष्णकांतांनी सिग्नल जनरेटर काढून स्पीकरला जोडला होता. हवा तो आवाज काढणारं यंत्र; बटण फिरवलं की सूर खालून वर चढत जातो.

“ऐकू येतंय तोवर हात वर ठेव,” ते म्हणाले.

“राहू दे ना बाबा.”

“ठेव.”

सूर चढू लागला. दोघांचेही हात वर होते. सूर तीक्ष्ण झाला, सुईसारखा झाला, आणि विझला. कृष्णकांतांनी हात खाली घेतला. ऋजुताचा वरच होता. ते बटण फिरवत राहिले. मध्येच तिचा हात जरासा खाली आला. मग तिने बापाच्या डोळ्यांत पाहिलं आणि तो पुन्हा वर नेला. बटण बरंच पुढे गेलं तरी हात वर तो वरच. बाहेर लेथ सुरू झाली तेव्हा कुठे त्यांनी यंत्र बंद केलं.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“काय?”

“वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस, ऋजू.”

ती खुर्चीवर बसली. “दिवाळीच्या आधीपासून. तू घरी गेलास की मी सगळी पेडल परत ऐकायचे. काही वाजत असेल तर खोलून नीट करायचे. या वेळी मी नव्हते.”

“आणि माझा ठिपका?”

“ठिपका मी कधीच पुसला नाही, बाबा.”

हे तिने प्रेमाने सांगितलं, आणि नेमकं हेच त्यांना सोसलं नाही. पोळ्या लाटताना लुडबुड करणाऱ्या पोराच्या हातात कणकेचा गोळा देतात, तसा हा ठिपका आपल्या हातात दिला गेला होता. इतके महिने आपण तो ऐटीत लाटत बसलो. त्यांना लाज वाटली, मग राग आला. दोन्ही खरी होती.

“सांगायचं होतंस.”

“कसं सांगणार? तू त्यासाठी तर येतोस इथे.”

बाटलीचं झाकण घट्ट लावून त्यांनी हिरवा रंग तिच्यासमोर सरकवला. “ठिपका आता तू द्यायचा. भाग मी तपासेन, मीटरवर. त्या आयसी माझ्या मी काढतो. आणि ज्या दोघांना झापलं त्यांचे नंबर दे.”

ते सुंदरचं पेडल खोलायला बसले. मग मान वर न करता म्हणाले, “कसा असतो गं तो आवाज?”

“बारीक. डासासारखा, पण त्याहून खूप बारीक.” ती विचार करू लागली. “मी लहान असताना आपला जुना टीव्ही होता ना? आवाज बंद केला तरी आतून एक यायचा. तसा.”

कृष्णकांतांचा पेचकस थांबला. “तो मला माहीत आहे! साताऱ्याला शेजारी टीव्ही लावला की मला जिन्यातच कळायचं. आई कौतुक करायची, काय कान आहेत पोराचे.” ते हसले. “मग ते खोक्यासारखे टीव्ही गेले. मला वाटलं, टीव्ही गेले म्हणून तो आवाज गेला.”

हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि हळूहळू ओसरलं. त्यांना आणखी काहीतरी सुचलं होतं. विचारावं की नाही, असं करत त्यांनी पेडलचे चारही स्क्रू टेबलावर एका ओळीत मांडले.

“ऋजू, आपल्या घरामागे तळ्याकाठी रातकिडे असायचे. तिथे बांधकाम झालं तेव्हापासून बंद झाले ना?”

ऋजुताने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“आहेत, बाबा. रोज असतात.”