प्रमाणपत्रावरचा जांभळा शिक्का

साहेब, दिलदारची लेथ तुम्ही बंद पाडलीत. त्याला हुन्नर तुम्हीच शिकवलात, हे मान्य. पण त्या शिक्षणाच्या कागदावर 'बालगुन्हेगार सुधारशाळा' असा ठळक जांभळा शिक्का मारताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

गडमुडशिंगीची कुलसुम गाद्या शिवते. तिला वाचता येत नाही. तिच्या पोरानं, दिलदारनं, तेराव्या वर्षी सायकल चोरली आणि चार वर्षं तुमच्या सुधारशाळेत काढली. त्र्याहत्तरच्या दिवाळीत तो सुटून आला, तो लेथवर लोखंड कातायला शिकून. प्रमाणपत्र त्यानं ट्रंकेच्या तळाशी घातलं. "अम्मा, कुणाला दावू नगंस." दोन कारखान्यांनी ते वाचून त्याला दारातूनच परतवलं होतं, हे काही तो बोलला नाही. कुलसुमला वाटलं, पोरगं लाजतंय.

तिसऱ्या ठिकाणी, कोल्हापुरातल्या आकाराम मिस्त्रींना त्यानं सांगितलं, इचलकरंजीत मामाकडं शिकलो. मिस्त्रींनी हात बघितला आणि ठेवून घेतला. वर्ष होत आलं.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी कुलसुम शिरखुर्म्याचा डबा घेऊन कारखान्यात गेली. काखेत फडक्यात गुंडाळलेली काचेची चौकट होती. पोराला न सांगता करून घेतलेली.

"या मावशी, बसा," मिस्त्रींनी डबा घेतला. "पोरगं लई गुणाचं हाय. लेथसंग लगीन लावायचं तेवढं ऱ्हायलंय."

"तुमी त्याला बिनकागदाचा घेतलासा. कागद हाय की त्याचा, सरकारी." तिनं फडकं सोडलं.

लेथवरून दिलदारनं मान वळवली. "अम्मा, झाक ते."

मिस्त्रींनी एकदा वाचलं, परत वाचलं. डबा खाली ठेवला.

"इचलकरंजीचा मामा ह्योच व्हय रं?"

दिलदार परत लेथकडं वळला.

"काय चुकलं का आमचं?" कुलसुमनं विचारलं.

"तुमचं न्हाय, मावशी. पर हितं पितळ उघड्यावर पडल्यालं असतंय. उद्या तुकडा हलला, तर मी कुणाकडं बघू?"

"वरीसभरात हलला काय?"

मिस्त्रींनी चौकट फडक्यात गुंडाळून तिच्या हातात परत दिली. दिलदारनं लेथ थांबवली, कीस झाडला, तेल घातलं, पाना खिळ्याला अडकवला. रोज सुट्टीच्या वेळी करायचा, तसंच.

"मी काय केलं रं, लेकरा?" रस्त्यात तिनं विचारलं.

"काय न्हाय, अम्मा. चल, एस्टी जाईल."

दुसऱ्या दिवशी तो बेळगावकडं काम बघतो म्हणून गेला. पाच महिने झाले, चिठ्ठी नाही.

परवा कुणीतरी तो शिक्का तिला वाचून दाखवला, तेव्हा कुलसुमनं चौकट उचकटली आणि गादीच्या दाभणानं तो जांभळा डाग खरवडला. शिक्का गेला. त्याच्याखाली लिहिलेलं दिलदारचं नावही गेलं. ते तिला कळलेलं नाही.

तो भोक पडलेला कागद घेऊन ती तुमच्या कचेरीत येणार आहे, साहेब. तिला एकच विचारायचंय: "ह्यो कागद पोराला काम मिळावं म्हणून दिलता, का मिळू नये म्हणून?"

तिला बाकावर बसवून ठेवू नका. उत्तर द्या.