बाटली एकाच हातात

“बाटली आणायची की नाही ते तुझं तू ठरव,” माझ्या मोठ्या जाऊबाई मला म्हणाल्या होत्या, “पण आणलीच, तर ती एकाच्याच हातात राहू दे. जो तो पाजायला लागला की तुझं दूध गेलं म्हणून समज.”

तेव्हा पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले, पण जीभ चांगलीच धारदार. मी म्हणाले, “वहिनी, बाटली या घराचा उंबरठाच ओलांडणार नाही. मग पाजणार कोण आणि काय?” त्या हसल्या आणि वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिल्या. मीही ते बोलणं कानामागे टाकलं.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. रीतसर शिकलेय त्यासाठी. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, “हे स्पष्ट दिसतं, की हे?” माणसं मान वाकडी करतात, डोळे बारीक करतात आणि शेवटी एक काहीतरी निवडतात. मला वाटायचं, अंगावरचं की बाटलीचं हेही तसंच. त्यात डोळे बारीक करण्यासारखंही काही नाही. मी सगळं वाचलं होतं. बाळाला छातीशी कसं धरायचं त्याचं चित्र फ्रिजवर चिकटवलं होतं. सासूबाईंना आणि नवऱ्याला समोर बसवून निक्षून सांगितलं होतं, की पावडरचा डबा दिसला तर मी तो मोरीत ओतीन.

“बरं बाई,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “तू शिकलेली.”

मग चिंगी झाली, आणि फ्रिजवरच्या चित्रातली ती हसरी बाई मला रोज टोचायला लागली. तिचं बाळ कसं शहाण्यासारखं तोंड लावून होतं. चिंगी दोन घोट ओढायची, सोडायची, किंचाळायची, पुन्हा शोधायची. मला चिरा पडल्या. तिनं तोंड लावलं की पायाची बोटं आपोआप आखडायची. पाजून होतंय न होतंय तोवर पुन्हा पाजायची वेळ. केस विंचरायचे म्हणून कंगवा हातात घ्यायचे आणि तो कशाला घेतला होता तेच विसरायचे. सासूबाई कधी दारातून डोकावायच्या आणि चुकचुकून परत जायच्या. नवरा विचारायचा, “काही आणू का?” काय आणणार होता? त्याच्याकडे काय होतं?

दवाखान्यात काट्यावर ठेवलं, तर चिंगीचं वजन हवं तेवढं वाढलेलं नव्हतं. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “अंगावर पाजून झालं की वरचं थोडं द्यायला हरकत नाही.”

“थोडे दिवस थांबू या ना,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच भीक मागितल्यासारखा वाटला.

त्यांनी चिंगीला नीट तपासलं. “बरं, आठवडाभर बघू. तेव्हाही काटा हलला नाही, तर मात्र वरचं सुरू करायचं. आणि तू स्वतः काही खातेस का?”

“हो,” मी खोटंच सांगितलं.

त्या आठवड्यावर माझं सगळं लागलं होतं. काटा हलला तर मी आई, नाही हलला तर नुसती दमलेली बाई, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात चिंगी बदलली. रडणं कमी झालं. मी पदर सारला की ती तोंड फिरवायची. ओठ घट्ट मिटून भिंतीवरच्या पालीकडे बघायची, पण माझ्याकडे नाही. आधी छाती दगडासारखी दाटली, ठणकली, आणि मग हळूहळू मऊ पडत गेली. त्या मऊपणाची मला दगडापेक्षा जास्त भीती वाटली. मी मनाशी म्हटलं, हिला मी आवडतच नाही.

घरातले मात्र अचानक फार प्रेमळ झाले होते. मी आंघोळीला निघाले की सासूबाई म्हणायच्या, “सावकाश कर गं, डोक्यावरूनही घे. मी आहे तिच्यापाशी.” नवरा कामावरून आला की म्हणायचा, “तू पड जरा. हिला खाली हवा खायला नेतो.” हवा खाऊन ती ढेकर देत परत यायची. मी इतकी दमले होते, की हवेनं कुणाला ढेकर येत नाही एवढंही मला सुचलं नाही. लोकांच्या डोळ्यांतला बारीकसा दोष पकडणारी मी!

ठरल्या दिवशी सासूबाई, नवरा आणि मी चिंगीला घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टरनी चिंगीला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, पुन्हा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं.

“अगंबाई! काय भरवताय हिला? चांगलीच उचल घेतली की.”

मला आनंद व्हायला हवा होता. मी वाकून आकडा पुन्हा वाचला. न पिता वजन वाढतं कसं?

“अंगावरचंच हो,” सासूबाई घाईनं म्हणाल्या. कुणी विचारलेलं नसताना.

“अंगावरचंच. फक्त अंगावरचं,” नवऱ्यानंही री ओढली आणि चिंगीला उचलून खांद्यावर घेतलं. चिंगीला ते मंजूर नसावं. तिनं त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर घळघळ दूध उलटलं. दाट, पांढरं. त्याला गोडसर वास होता, आणि तो माझा नव्हता. सकाळपासून ती माझ्याकडे प्यालीच नव्हती.

सिस्टरनी पुसायला कापड दिलं, वास घेतला आणि हसू दाबत विचारलं, “डबा कुठला आणता?”

दोघंही एकदम बोलले.

“मी फक्त ती आंघोळीला गेली की…”

“मी फक्त संध्याकाळी, खाली नेऊन…”

आणि दोघंही थांबले. सासूबाईंनी मुलाकडे बघितलं, मुलानं आईकडे.

“म्हणजे तूही?” सासूबाई म्हणाल्या. “तरी म्हटलं, ही रात्रीची एवढी गपगार कशी झोपते!”

“आई, तू कुठे ठेवलायस डबा?”

“कपाटात. शालीखाली. आणि तू?”

“गाडीच्या डिकीत.”

“चोरावर मोर,” सिस्टर म्हणाल्या आणि आता मोकळेपणानं हसल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या. सासूबाईंनी माझा दंड धरला. “तुझे हाल बघवत नव्हते गं. आणि सांगायची सोय होती का? तू मोरीत ओतणार होतीस.”

तेही खरंच होतं. दोघांनी मला फसवलं होतं, ते माझी दया येऊन आणि माझ्याच धाकानं.

डॉक्टरबाईंनी समजावलं. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध तयार होतं. पोट भरलेलं बाळ कशाला ओढेल? आता भूक लागली की आधी अंगावर घ्यायचं. मग लागेल तेवढं वरचं, भांडी नीट उकळून, डब्यावर लिहिलंय त्याच मापानं. आणि काय दिलं ते सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

“दूध परत येईल?” मी विचारलं.

“येईल थोडंफार. किती, ते आज नाही सांगता येणार.”

घरी आल्यावर दोघांशी भांडावं एवढीही ताकद नव्हती. मी वहिनींना फोन लावला आणि जे झालं ते रडत रडत सांगितलं.

“दोघांनीच ना?” त्या म्हणाल्या. “मग नशिबाची आहेस. माझ्या वेळी आजेसासूबाईही होत्या. चोरूनबिरून नाही, राजरोस. पोरगं रडलं की सगळे त्याला माझ्या मांडीवरून उचलून बाटली लावायचे. म्हणायचे, तू पड गं जरा. पडले मी. उठले तेव्हा सगळं आटलेलं.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कोण विचारतंय? ज्यांनी बाटली दिली तेच चारचौघांत सांगायला लागले, हिला दूधच नव्हतं म्हणून. इतक्यांदा ऐकलं, की मलाही खरं वाटायला लागलं. तुझा पुतण्या आता दाढी करतो गं. साधी सर्दी झाली त्याला, तरी आपल्या सासूबाई अजून म्हणतात, बिचाऱ्याला आईचं दूध मिळालं नाही ना.”

ते वाक्य मीही ऐकलेलं होतं. लग्नानंतर पहिल्याच भेटीत. मी सहानुभूतीनं मान हलवली होती, वहिनींच्या देखत.

आता दोन्ही डबे स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघड ठेवलेत. आधी मी पाजते. मग बाटली नवऱ्याच्या हातात, दुसऱ्या कुणाच्या नाही; त्यासाठी त्यानं रजा काढलीय. ढेकर काढण्याचं खातं सासूबाईंकडे, आणि त्यावर त्यांचा हक्क इतका, की मी चिंगीच्या पाठीला हात लावला तरी त्या “थांब, थांब” म्हणत धावतात. दूध थोडं परत आलं. पुरेसं नाही, पण चिंगी आता भिंतीकडे बघत नाही. दुकानात काही गिऱ्हाइकं असतात, कितीही भिंगं बदला, म्हणतात, “दोन्ही सारखंच दिसतंय हो.” पूर्वी मला त्यांचा राग यायचा. आता दुकानात परत गेले की त्यांना म्हणणार आहे, बसा जरा, डोळे मिटा, घाई नाही.

थकवा गेलेला नाही. तो जाईल असं कुणी म्हणत नाही, फक्त पुढे वेगळा असतो म्हणतात.

एक दिवस मी सासूबाईंना म्हटलं, “आई, वहिनींना एक फोन करता का? तेव्हाचं बोलायला?”

त्या चिंगीची पाठ थोपटत होत्या. हात थांबला. “आता कशाला जुनं उकरायचं,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा थोपटायला लागल्या, पण मघापेक्षा हळू.

त्या करतील की नाही, मला माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. ‘तिला दूधच नव्हतं’ असं जिच्याबद्दल बोलतात, अशी एखादी तुमच्याही नात्यात असेल. तिचं मूल कितीही मोठं झालेलं असू दे. एकदा तिच्याकडे जाऊन या. मुलाची चौकशी नंतर करा. आधी तिला विचारा, “तेव्हा तुझं काय झालं होतं गं?” आणि ती “कुठे काय” म्हणाली, तर लगेच उठू नका. बसा जरा.