जित्या हातानं दिलेली जमीन

निमोण्याच्या हौसरावानं जमीन जिवंतपणीच पोराच्या नावावर केली, तेव्हा गावजेवण घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आपण मेल्यावर पोरानं वारस लावायला तलाठ्याकडं हेलपाटे घालायचे, त्यापेक्षा हसतखेळत बक्षीसपत्र केलेलं काय वाईट, असं तो पारावर ज्याला त्याला सांगत सुटला. बायको पुतळाबाई तेवढी म्हणाली होती, "डोळं मिटल्याबिगर माती सोडू न्हाई." पण तिचं ऐकतो कोण?

पुढं हौसराव आबाच्या खात्यावर येणारा शेतकऱ्यांचा सरकारी हप्ता थांबला. तंबाखू, गुडघ्याच्या गोळ्या, लेकीच्या पोरांना खाऊ, सगळं त्यावरच चालायचं. सून अनिता ज्याचा हिशेब मागत नव्हती, असा म्हाताऱ्याकडं तेवढाच पैसा होता. बरं, तो पोराला, विश्वजीतला तरी सुरू व्हावा, तर तेही नाही. शेवटी रांजणगावच्या कंपनीतली ड्यूटी बुडवून विश्वजीतनं बापाला गाडीवर मागं घेतलं आणि शिरूर गाठलं.

कचेरीतल्या साहेबानं नियम सांगितला. आबांच्या नावावर आता जमीन नाही, म्हणून त्यांचा हप्ता बंद. पोराचं नाव जमिनीला योजनेत ठरलेल्या तारखेनंतर लागलंय, म्हणून त्यालाही नाही. बाप वारल्यावर वारसानं जमीन आली असती, तर गोष्ट वेगळी होती.

"म्हंजी मी मेलो असतो, तर ह्याला गावलं असतं?" आबानं विचारलं.

"नियम तसाच आहे, आबा," साहेब नरमाईनं म्हणाला.

विश्वजीत चहालाही थांबला नाही. एसटी स्टँडामागं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान होतं, तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. आबाला बाकड्यावर बसवून तो टेबलाशी गेला. कॉम्प्युटरवरच्या मुलीनं विचारलं, जमीन कशी आली?

"वारसानं."

"वडील कधी वारले?"

"शिमग्याच्या आधी," विश्वजीत खाली बघत म्हणाला.

मुलीला वाईट वाटलं. तिनं बाकड्याकडं बघितलं. "आणि हे आबा कोण?"

"चुलतं हायत."

आबाची चंची हातातच राहिली. खरं सांगितलं असतं, तर पोरगा चारचौघांत खोटा पडला असता. मेलं बापाचं काळीज, त्याला तेवढंही जमेना.

"व्हय," तो म्हणाला. "थोरला भाऊ माझा. लई साधा व्हता."

मुलीनं मान हलवली आणि मृत्यूचा दाखला मागितला. त्याशिवाय अर्ज पुढं जाणार नव्हता. दाखला काही विश्वजीतकडं नव्हता.

परतताना ऊन मी म्हणत होतं. गाडीवर आबानं पोराच्या खांद्याला धरलं नाही, मागची कडी घट्ट पकडून बसला. घरी येताच विश्वजीत मोटर चालू करायच्या निमित्तानं रानात गेला. पुतळाबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि काम झालं का विचारलं.

"एक दाखला ऱ्हायलाय म्हनं."

चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या अनितानं हात न थांबवता विचारलं, "आन् त्यो कवा मिळंल, आबा?"

आबानं तांब्या खाली ठेवला.

"मिळंल, सूनबाई," तो म्हणाला. "जरा दम धरा."