‘मी प्रॉमिस नाही’

प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीसमोर बोलायला प्राचीला पंचवीस मिनिटं मिळाली होती. त्या पंचवीस मिनिटांसाठी तिनं आठ महिने घासले होते.

जळगाव जामोदला आईजवळ राहून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. गेल्या वर्षी तिच्या प्रोग्रॅममुळे एका लॅबचे रक्ताचे रिपोर्ट अर्धा दिवस अडकले. एरर नाही, काही नाही; प्रोग्रॅम नुसता थांबलेला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिलाच झापलं.

तीन दिवसांनी कारण सापडलं. ती ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची, तिच्यात ‘प्रॉमिस’ नावाची वस्तू असते: उत्तर आत्ता नाही, नंतर देते, असं सांगणारी. पण भाषा तिला ओळखते एका नावावरून. वस्तूत ‘देन’, म्हणजे ‘मग’, नावाचं फंक्शन दिसलं की ती प्रॉमिस, विषय संपला. आणि लॅबच्या कोडमध्ये ‘या तपासणीनंतर कोणती’ हे ठरवणाऱ्या साध्या फंक्शनला कुणीतरी ‘देन’ हेच नाव दिलं होतं. भाषा कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट बघत बसली.

प्राचीचा प्रस्ताव एवढाच, की ‘मी प्रॉमिस नाही’ अशी खूण वस्तूवर लावता यावी. जुनं काहीच मोडणार नव्हतं.

संध्याकाळी ऑनलाइन मीटिंगला जगभरातले चाळीस जण होते. चूक आहे, हे सगळ्यांनीच कबूल केलं. मग ब्राउझर बनवणारे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “दर वेळी खूण तपासायची म्हणजे सगळंच मंदावेल.”

“मी मोजलंय. सातव्या पानावर आकडे आहेत.”

“ते मी पाहिले नाहीत. पण माझा विरोध आहे.”

एकाचाही विरोध असला तर प्रस्ताव पुढे जात नसे. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचा विषय घेतला.

प्राची खाली आली तेव्हा तिची आई, सोजराबाई, तुरीच्या शेंगा सोलत होती.

“काऊन वं, तोंड काऊन उतरलं? त्यायले समजलं नाई का?”

“समजलं ना माय! सगळ्यायले समजलं. तरी नाई म्हणले.”

“समजल्यावर कोणी नाई म्हणते का?”

प्राची तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागली.

सकाळी मीटिंगचा वृत्तांत आला. ‘वेगाबद्दल सादरकर्तीकडे ठोस माहिती नव्हती.’ तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं लांबलचक उत्तर लिहिलं, खोडलं, आणि फक्त आकडे पाठवले.

त्या सदस्यांचं उत्तर दुपारी आलं. “हे तुमच्या लॅपटॉपवरचे आकडे. स्वस्त फोनवर मोजलंत?”

नव्हतं मोजलं. तिनं आईचा पाच वर्षांचा फोन मागून घेतला.

“लवकर दे वं, मले तुह्या राखीमावशीले फोन लावाचा हाय,” सोजराबाई म्हणाली.

प्राचीनं चारदा मोजलं. लॅपटॉपवर न जाणवणारा फरक इथं सहा टक्के निघत होता. सातवं पान न उघडताच तो माणूस बरोबर ठरला होता, आणि तिला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचाच आला.

आकडे लपवणं काही कठीण नव्हतं. तिनं ते जसेच्या तसे समितीच्या ऑनलाइन चर्चेत टाकले आणि खाली लिहिलं: “तपासणीचा खर्च कमी करता येईल. पुढच्या बैठकीत मला पुन्हा वेळ हवाय.”

तासाभरानं त्या सदस्यांनी तिच्या मजकुराला वर केलेला अंगठा दिला. शब्द एकही नाही, नुसता अंगठा.