शालीकरामच्या हातची बिडी

सगळा भंडारा जिल्हा जागचा न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी टिकारामने बिडी सोडली. राज्य बदललेलं गावात कोणाला फारसं जाणवलं नव्हतं. बिडी सोडलेली मात्र सगळ्यांना जाणवली.

सोडण्याचं कारण साधं होतं. धाकटी शामकला लग्नाची झाली होती, माघात तिला पाहायला पाहुणे यायचे होते, आणि टिकाराम खोकत होता. थोरल्या प्रेमिलाच्या वेळी हेच झालं होतं. बोदलकशाचं स्थळ आलेलं, तळ्याखालची भिजती जमीन, मुलगा शांत. पाहुण्यांना पोरगी पसंत पडली. आठ दिवसांनी निरोप आला की बापाला टीबी आहे म्हणतात, आम्हाला नको. टिकाराम त्या दिवशी पाहुण्यांसमोर तीनदा खोकला होता. ते तीन खोकले तो पुढे सहा वर्षं आठवत राहिला. प्रेमिलाला शेवटी देवरीकडच्या एका बिजवराला दिली. पंधरा वर्षांनी मोठा, आधीची दोन लेकरं. दर दिवाळीला ती माहेरी यायची तेव्हा आदल्या वर्षीचं पोलकं तिला सैल झालेलं असायचं. रुख्मा, टिकारामची बायको, ते पोलकं मुकाट्याने आतून शिवून द्यायची आणि नशीब म्हणायची.

म्हणून या वेळी टिकाराम गोंदियाला जाऊन डॉक्टरला भेटला. डॉक्टरने छाती ठोकून पाहिली, पाठ ठोकून पाहिली, आणि म्हणाला, "टीबी-वीबी कुछ नही है. बीडी छोडो. पहले खांसी बढेगी, डरना मत. तीन-चार महिने में साफ."

तीन-चार महिने म्हणजे माघ बरोबर गाठता येत होता. टिकाराम परत आला आणि त्याने सोडली.

पहिला आठवडा कसा गेला हे त्याने कोणाला सांगितलं नाही, पण गावाने पाहिलं. पहाटे तो लोटा घेऊन तळ्याच्या पाळीमागे जायचा आणि तिथेच बसून राहायचा. तीस वर्षं त्याचं पोट बिडीच्या पहिल्या झुरक्यावर चालत आलं होतं, ते आता ऐकेना. हातांना काम उरलं नव्हतं, म्हणून ते कधी मिशीला लागायचे, कधी बैलाच्या शेपटीला. बैलाने एकदा लाथ मारली. खोकला डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे इमानदारीने वाढला. रुख्माने त्याला भाजलेले चिचोके दिले, तलफ आली की तोंडात धरायला. तो दिवसभर चिचोके कडकडा फोडायचा आणि घरातली माणसं दाराआड उभी राहून एकमेकांकडे पाहायची.

मग जीभ परत आली. एके दिवशी ताटावर बसून तो म्हणाला, "मीठ काऊन एवढं टाकलं?" रुख्माने भाताची वाढणी खाली ठेवली. वीस वर्षं हा माणूस मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवत आला होता, आणि वीस वर्षं ती त्याच्यापुरतं जास्तीचं मीठ घालत आली होती. ती म्हणाली, "आता तुमच्या तोंडाले चव आली तर माझाच गुन्हा."

हे सगळं घरातलं झालं. बाहेर भलतंच सुरू होतं, आणि ते टिकारामच्या लक्षातच आलं नाही.

त्या भागात एखाद्याच्या हातची बिडी घेणं म्हणजे त्याच्याशी आपलं बरं आहे असं चारचौघांत सांगणं. घेतली नाही तर बिनसलं. आणि बिनसलेला माणूस ते तोंडावर बोलत नाही. तो फक्त म्हणतो, "सोडलो गा मी." पुढच्याने काय ते समजून घ्यायचं. भावाभावांची वाटणी झाली की दोघेही वर्ष-दोन वर्षं एकमेकांपुरती बिडी सोडतात आणि बाकीच्या गावाबरोबर ओढत राहतात. समेट करायचा असेल तर चुकलेल्याने बिडी शिलगावायची, दोन झुरके घ्यायचे, आणि तीच पुढच्याच्या हातात द्यायची. त्याने ओढली की झालं-गेलं मिटलं. टिकाराम हे सगळं जाणून होता. त्याने स्वतः दोन-तीनदा असं केलं होतं. पण त्याने खरीखुरी बिडी सोडली होती आणि ते सांगायला त्याच्याजवळ दुसरे शब्द नव्हते. दिसेल त्याला तो म्हणत सुटला, "सोडलो गा मी."

पहिल्यांदा म्हणाला तो शालीकरामला. शालीकराम दोन घरं सोडून राहायचा. बाराव्या वर्षी दोघांनी पहिली बिडी एकत्र ओढली, एकत्र ओकले, आणि त्यानंतर क्वचितच वेगळी ओढली. शालीकरामने नेहमीप्रमाणे टिकारामच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत बसून बिडी पुढे केली.

"सोडलो गा मी," टिकाराम म्हणाला.

"काऊन?"

"शामकलासाठी. प्रेमिलाच्या वेळेस जे झालं, ते आता होऊ देत नाही मी."

शालीकरामचा हात तसाच राहिला. बिडी हातात विझून गेली. "बरं," तो म्हणाला आणि उठून गेला. टिकारामला वाटलं, सोबत तुटली म्हणून गड्याला वाईट वाटलं असेल. त्याला स्वतःलाही वाटत होतं. बिडीपेक्षा त्याला त्या सपरीतल्या बैठकीची तलफ जास्त होती, हे कोणी विचारलं असतं तरी त्याने कबूल केलं नसतं.

मग मंगरूला नकार गेला. मंगरूचं वावर टिकारामच्या वावराला लागून. चौथ्या दिवशी सकाळी मंगरू कुदळ घेऊन दोन वावरांमधला धुरा खणताना दिसला. टिकाराम गेला तर मंगरू मान खाली घालून म्हणाला, "एक हात सरकवलो होतो मी. तीन वर्षांत मिळून. आता होता तिथं नेऊन देतो. मनात धरू नको गा."

"मले तर माहीतच नव्हतं," टिकाराम म्हणाला.

"हो, तू तसाच म्हणशील. मोठ्या मनाचा आहेस."

पंधरा दिवसांनी दुधराम आला. त्याच्या हातात जिवंत कोंबडा होता. आखाडीच्या सणाला त्याच्या घरी जो कोंबडा शिजला, तो टिकारामच्या घरचा होता, हे त्याने उभ्या उभ्या सांगितलं, कोंबडा अंगणात सोडला आणि पळाला. त्यानंतर गावातले वडीलधारे भैयाजी स्वतः चालत आले. यांच्या घरी लोकांनी जायचं असतं. तळ्याच्या पाण्याची एक पाळी टिकारामची असताना आपण आपल्या धानाच्या बांधीकडे वळवली होती, असं ते फार सावकाश, इतिहास सांगितल्यासारखं बोलले. टिकारामने तिघांनाही खरं सांगितलं की मी बिडीच सोडली आहे, डॉक्टरने सांगितलं. तिघांनीही समजल्यासारखी मान हलवली. चोराच्या मनात चांदणं असलं की दुसऱ्याच्या हातात कंदील कशाला लागतो?

रुख्माला या प्रकाराची गोडी लागली. "पटवाऱ्यालेही एकदा नाही म्हणून पाहा ना," ती म्हणाली. शामकला खिदळली. टिकारामलाही बरं वाटलं. शिवाय खोकला आता उतरला होता. तो तळ्यापासून घरापर्यंत न थांबता चालत यायचा, आणि आल्यावर मुद्दाम मोठ्याने बोलायचा, मध्येच खोकला येत नाही हे घरच्यांना ऐकवायला. शामकला ऐकून हसायची. त्या पोरीचं हसणं पाहिलं की चिचोका चावायचं बळ यायचं, आणि ते त्याला पुरत होतं.

एकटा शालीकराम काही कबूल करायला आला नाही. टिकारामला त्याचा अभिमान वाटला. गावात एक तरी माणूस धुतल्या तांदळासारखा निघाला. फक्त तो येईनासा झाला होता. कधी आलाच तर सपरीच्या कडेला पाठ करून बसायचा, एक बिडी घाईने ओढायचा आणि काम आहे म्हणून निघून जायचा.

धान कापून झालं, भारे रचून वावरात पुंजने लागले. त्या दिवशी दुपारी टिकाराम वावरात पुंजन्याच्या सावलीला बसून रुख्मा शिदोरी घेऊन यायची वाट पाहत होता. शालीकराम धुऱ्याधुऱ्याने आला आणि समोर बसला. बराच वेळ त्याने मातीतलं एक धसकट उपटायचा प्रयत्न केला.

"तुले कोन सांगतलं?" त्याने विचारलं.

"काय?"

"पुरे झालं गा टिकाराम. पोळ्यापासून पाहून राहिलो मी. मंगरूचा धुरा कळला, दुधरामचा कोंबडा कळला, अना माझंच तेवढं कळलं नसन?"

टिकाराम नेहमीचं वाक्य बोलणार होता, की मला काही माहीत नाही. पण शालीकराम थांबायला तयार नव्हता.

"तुझ्या खोकल्यानं मोडलं नाही ते. बोदलकशाचे पाहुणे तुझ्याकडून निघाले, बंडी जुंपेपर्यंत माझ्या सपरीत टेकले. म्हणाले, माणूस खोकलते, बरा आहे ना? मी म्हणलो, टीबी आहे. मीच नेलो होतो दवाखान्यात, असंही सांगतलो."

"कायले?" टिकारामला आपलाच आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"सुशिला होती ना घरात. बहिणीची पोर, बाप मेलेली. तिले कोन पाहायले येत होता? वाटलं, प्रेमिला दिसायले चांगली आहे, तिले भेटन दुसरं घर."

सुशिला त्या चैत्रात बोदलकशाच्या त्याच घरी दिली गेली होती. त्या लग्नात टिकारामने कंबर बांधून पंगतीत वरण वाढलं होतं. वाढताना खोकला येऊ नये म्हणून तो मध्ये मध्ये मांडवाबाहेर जायचा, हेही त्याला आता आठवलं. सहा वर्षं त्याने आपल्या छातीला शिव्या दिल्या होत्या. त्याला इतका राग आला की तो हलला नाही.

शालीकरामने बिडी काढली. शिलगावली. दोन झुरके घेतले आणि ती टिकारामपुढे धरली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

इतक्या महिन्यांनी टिकारामचं नाक कोरं झालं होतं. धूर आत गेला तो थेट टाळूपर्यंत. तोंडाला पाणी सुटलं. पोळ्यापासून इतकी तलफ त्याला एकदाही आली नव्हती, आणि पुढे बसला होता तो तीस वर्षांचा सोबती. टिकारामचा हात उठला, हे खरं सांगितलं पाहिजे. अर्ध्यापर्यंत गेला. मग त्याला प्रेमिलाचं पोलकं शिवत बसलेली रुख्मा दिसली आणि हात परत मांडीवर आला.

"सोडलो मी," तो म्हणाला.

शालीकरामने त्याच्याकडे आशेने पाहिलं. "म्हणजे खरंच सोडलास ना? डॉक्टरनं सांगतलं म्हणून?"

"बिडी पोळ्याले सोडलो. तुझ्या हातची आज सोडलो."

शालीकरामने ती बिडी धुऱ्यावर ठेवली, पागोटं सारखं केलं आणि आला तसा गेला. टिकारामने त्याला वळणापर्यंत जाताना पाहिलं. मग पुंजन्याला टेकून तो लहान पोरासारखा रडला. पोरीसाठी रडला, आणि त्या माणसासाठीही, कारण आता सपरीत कोण येणार होतं?

रुख्मा शिदोरी घेऊन आली तेव्हा हवेत अजून वास होता. धुऱ्यावर ओढलेली बिडी पडली होती. नवऱ्याचे डोळे लाल होते. तिने बिडीकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं.

"पेले ना बिडी?" ती म्हणाली.

टिकारामने तोंड उघडलं. एका वाक्यात सांगून होण्यासारखं होतं. पण ते वाक्य ऐकून रुख्मा इथेच शिदोरी टाकून शालीकरामच्या दारात जाऊन उभी राहिली असती. गाव गोळा झालं असतं, आणि टीबी हा शब्द पुन्हा घरोघर फिरला असता. माघात पाहुणे आले असते ते तोच शब्द ऐकत. शिवाय रुख्माने सहा वर्षांत नशिबाशी कशीबशी तडजोड केली होती. नशीब दोन घरं सोडून राहतं हे कळल्यावर तिने कोणाशी तडजोड करायची?

"पेलो," तो म्हणाला.

"पोळ्यापासून पोरीले सांगून राहिले मी, तुया बापानं तुयासाठी सोडली म्हणून. गावभर सांगून राहिली ते पोर." रुख्माचा आवाज चिरकला. "आता काय सांगू तिले?"

"सांग, बापाले जमलं नाही."

रुख्माने शिदोरी त्याच्यापुढे ठेवली आणि पाठ फिरवून बसली. टिकारामने फडक्याची गाठ सोडली आणि तो जेवू लागला.